स्प्लेंडरची फ्रेम पावडर कोटिंगला द्यायचीय. काय काय सोडवू, आणि काय अजिबात देऊ नको?

गोरेगावचा_अभि

नमस्कार मंडळी. गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, १९९८, एमएच-०२ पासिंग. बाबांनी नवी घेतलेली, तेव्हापासून घरातच. इंजिनाची काही तक्रार नाही, मागच्या वर्षी हेडचं काम करून घेतलंय. रडगाणं सगळं सांगाड्याचं आहे. आमचं पार्किंग अर्धं उघडं, पत्र्याच्या पन्हळीतून पाणी बरोबर गाडीच्या मागच्या अंगावर पडतं, आणि असे सव्वीस-सत्तावीस पावसाळे तिनं काढलेत. बॅटरीच्या ट्रेखाली नख लावलं तर पापुद्रे निघतात. डबल स्टँड जिथं फ्रेमला बसतो तिथं गंज फुगलाय. चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा भाग) खालच्या बाजूला चेनच्या चिखलाचा थर आहे, त्याखाली काय दडलंय देव जाणे. त्यात भर म्हणजे २०११च्या दिवाळीत बाबांनी घराच्या ग्रिलचा उरलेला काळा ऑइलपेंट ब्रशनं फ्रेमला फासला होता. ब्रशचे केस अजून दिसतात.

नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन तसंच राहू दे, वरवर घासून स्प्रे मारून देतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." ऑफिसातला मित्र म्हणतो पावडर कोटिंगच (रंगाची कोरडी भुकटी मारून भट्टीत वितळवतात ते) कर, आयुष्यभर बघायला नको. मला पावडर करायचंय, पण त्यासाठी गाडी पूर्ण उघडावी लागेल एवढं मलाही कळतं. सर्व्हिसिंग, चेन सेट, क्लच केबल हे मी घरी करतो. इंजिन उतरवून फ्रेम मोकळी कधी केलेली नाही.

प्रश्न असे: वायरिंग, कोन सेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग), चिमट्याचे बुश (त्याच्या सांध्यातल्या बाह्या) सगळंच काढायचं का, की थोडं राहिलं तरी चालतं? टाकी, चेन कव्हर, शॉकअपही द्यायचे का? चेसिस नंबरचं काय होतं? आणि पावसाळ्यात हे काम करणं म्हणजे वेडेपणा आहे का? थांबायला वेळ नाही, कारण गणपतीचा मंडप आमच्या पार्किंगमध्येच पडतो आणि सेक्रेटरींनी बजावलंय की बांबू यायच्या आत तुझा पसारा उचलायचा.

बाबा रोज संध्याकाळी खाली येतात, गाडीकडे बघतात आणि एकच विचारतात, "चालत होती ना रे?"

फिटरकाका_परळ

अभि, आधी बाबांना सांग की त्या ग्रिलच्या रंगाबद्दल कुणी हसणार नाही. जिथं तो रंग टिकलाय तिथला पत्रा खाली शाबूत सापडेल, बघशील.

मी बेस्टमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो, आता घरी असतो. पावडरचा माझा अनुभव एकाच गाडीचा, पण त्या एका गाडीत मी करता येण्यासारख्या बहुतेक चुका केल्या, म्हणून लिहितो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. कोटिंगवाल्याला गाडी कळत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याच्याकडे दिवसभर ग्रिल, रॅक आणि कपाटं येतात. ज्या भोकात बेअरिंग बसतं ते त्याच्या लेखी नुसतं भोक. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. ग्रिलला तो कमीच वाटेल, पण भोकाच्या दोन्ही अंगांना धरून ०.२ मि.मी.पर्यंत जातो आणि बेअरिंगच्या हिशोबात हा डोंगर झाला. तेव्हा पावडर कुठं बसू नये हे ठरवायचं काम तुझं. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. गाळ्यावर सांगितलेलं दुपारच्या जेवणापर्यंत टिकतं. तूच बुजवून, गुंडाळून दे.

आता माझी कहाणी. गाडी कावासाकी बजाज केबी १००, १९८९ची. २००८ साली फ्रेम आणि चिमटा घेऊन मी साकीनाक्याच्या बाजूच्या एका गाळ्यात गेलो. चिमट्याचे रबर बुश काढायला प्रेस लागतो आणि वर्कशॉपात कुणाकडे गयावया करायची नव्हती, म्हणून ते तसेच ठेवले. म्हटलं, लोखंडी बाहीच्या आत आहेत, काय होणार? भट्टीत रबर शिजलं. त्यातून जे काही पाझरलं त्यानं बुशच्या आसपास वीतभर भागात पावडर धरलीच नाही, पुरळ उठल्यासारखे फोड आले. चिमटा परत सोलून परत करावा लागला, म्हणजे पैसे दुप्पट आणि बुश शेवटी बदलावे लागलेच.

दुसरी चूक नंबरची. तो मी झाकायला विसरलो. फ्रेम आली तेव्हा इतकी चकाकत होती की नंबर बघायचं सुचलंच नाही. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर २००४ साली एकदा आरसी पुढे ढकलून घेतली होती. मग २००९ साली परत पासिंगला नेली. तिथल्या माणसानं नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि कागदावर नुसती काळी पट्टी उमटली. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलो नाही. चोरीच्या गाडीचा नंबर घासलेला असतो, माझा बुजलेला होता. त्याच्या दृष्टीनं फरक काय? घरी येऊन पेंट रिमूव्हर लावला, वर प्लास्टिक गुंडाळलं. पावडर साध्या रंगासारखी दहा मिनिटांत सुटत नाही. तीन वेळा लावून पितळी ब्रशनं खरवडलं तेव्हा आकडे डोकं वर काढायला लागले. तुझ्या स्प्लेंडरचा नंबर मानेवर, हँडलजवळ आहे. फ्रेम द्यायच्या आधी तूच पेन्सिल घासून दोन कागद काढून ठेव, तारखेसकट मोबाइलवर फोटो घे, आणि नंबरवर ब्लास्टिंगच्या (रेतीच्या माऱ्यानं जुना रंग-गंज उडवतात ते) आधीच पट्टी मार. रेतीचा मारा सतत एका जागी बसला तर आकड्यांची धार जाते. तेवढी दोन इंच जागा नंतर हातानं, पातळ रंगानं करायची. फ्रेम काळीच ठेव. गाडीचा रंग बदलायचा विचार डोक्यात आला तर तो आरसीवर चढवावा लागतो, मग ते वेगळं लचांड.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. गाडी जोडली आणि किक मारली. काही नाही. दोन दिवस किक मारत होतो. प्लग बदलला. कॉइल बदलली. शेजारचा मुलगा म्हणाला, काका, ढकलू का? ढकलून झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना डोक्यात आलं की कॉइल ज्या बोल्टानं फ्रेमला बसते तोच तिचा अर्थ (अर्थिंग, विजेची परतीची वाट), आणि मी त्या जागेवर हौसेनं प्लास्टिकचं कातडं चढवून आणलंय. पावडरमधून वीज जात नाही. बोल्टाखालची रुपयाएवढी जागा खरवडली, पहिल्या किकला सुरू. एकतीस वर्षं फिटर म्हणवणारा माणूस मी.

तुझ्या गाडीत हिरवी वायर म्हणजे अर्थ, होंडाची ही जुनी पद्धत आहे. हिरवी वायर जिथं जिथं फ्रेमला बोल्टानं लागते त्या प्रत्येक जागेचा उघडताना फोटो काढ आणि कोटिंगला देताना तिथं पट्टी मार. राहिलीच तर नंतर खरवड, पण विसरू नको.

आता उघडायचं. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडव. पेट्रोल काढून टाकी बाजूला ठेव, जिथं देवाचा दिवा नाही आणि कुणी विडी ओढत नाही तिथं. वायरिंग उतरवायच्या आधी प्रत्येक क्लिप, प्रत्येक जोड, केबल कुठल्या बाजूनं वळलीय ते टिपून घे. तुला वाटेल लक्षात राहील. राहत नाही. बोल्ट एका डब्यात ओतू नको. मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या, एकेक भाग एकेका पिशवीत, आत कागदाची चिठ्ठी. त्याहून सोपं म्हणजे भाग काढला की बोल्ट जिथला तिथं दोन आटे परत फिरवून ठेवायचा. ड्रम ब्रेक उघडशील तेव्हा आतली भुकटी तोंडानं फुंकू नको. जुन्या शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पूस.

तुला खरा त्रास चिमट्याचा लांब बोल्ट देणार. तो आतल्या बाहीला गंजून एकजीव झालेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मार, सकाळी परत मार. हातोडा थेट आट्यांवर मारलास तर बोल्ट छत्रीसारखा फुलेल आणि आतून कधीच बाहेर येणार नाही. नट टोकाशी समपातळीत ठेवून त्यावर पितळेचा तुकडा धर आणि मग ठोक. हलला की नट काढायचा.

कोन सेट सोडवताना खाली जुनी चादर अंथर. त्यात छर्रे सुटे असतात आणि हँडलचा टी खाली सरकला की ते पार्किंगभर पळतात. वर किती, खाली किती, मोजून लिहून ठेव. मानेतल्या वाट्या (ज्यांत छर्रे फिरतात त्या) मात्र आताच काढू नको. जुन्या वाट्या तशाच ठेवून फ्रेम कोटिंगला दे. पावडर त्यांच्यावर बसेल, बसायची जागा आत सुरक्षित राहील. फ्रेम आली की त्या ठोकून काढायच्या आणि नव्या बसवायच्या, नाहीतरी या वयाला कोन सेट नवाच लागणार. फुकटचं मास्किंग.

काय द्यायचं? फ्रेम, चिमटा, दोन्ही स्टँड, फुटरेस्टचा दांडा, ब्रेक पेडल. बस. टाकी नाही, इंजिन नाही, पुढच्या शॉकअपच्या नळ्या नाहीत. साइड पॅनल आणि शेपटी प्लास्टिकची आहे, ती भट्टीत गेली तर परत आणायला चमचा लागेल. चेन कव्हर पातळ पत्र्याचं आहे, रेतीच्या माऱ्यात वाकतं, ते घरी घासून हातानं रंगव.

वर्कशॉपाबद्दल अजून लिहिलं असतं, पण नातवाला क्लासला सोडायचंय.

पावडरवाला_वसईपूर्व

काकांनी आम्हाला ग्रिलवाले करून टाकलं. खोटं नाही म्हणा, आमचा मोठा धंदा ऑफिसच्या रॅकचाच आहे. मी वसई पूर्वेला एका गाळ्यात आठ वर्षं पावडर मारायच्या गनवर आहे. महिन्याला चार-पाच फ्रेमा येतात.

काकांच्या वाट्यांच्या युक्तीबद्दल: चालते, पण त्यातलं ग्रीस शेवटच्या कणापर्यंत काढा. नुसतं फडक्यानं पुसून आणलेल्या फ्रेमा ओळखू येतात. १८०-२०० डिग्रीला वाटीच्या मागे दडलेलं ग्रीस पातळ होऊन मानेवरून ओघळतं आणि ओघळाच्या रेषेत पावडर उघडी पडते. डिझेलनं धुवा, मग साबणाच्या गरम पाण्यानं, मग वाळवा. चाकाचं हब कधी दिलंत तर त्यातली बेअरिंग मात्र काढूनच द्या. त्यात ग्रीस इतकं असतं की काही धुऊन उपयोग नाही.

गाळ्यावर गेल्यावर पहिलं हे विचारा: काळी पावडर कुठली आहे? हॉपरमध्ये (गनला पावडर पुरवणाऱ्या डब्यात) बहुतेक वेळा हायब्रिड भरलेली असते, म्हणजे इपॉक्सी आणि पॉलिएस्टर मिळून. घरातल्या कपाटाला उत्तम. उन्हात इपॉक्सीचा भाग पांढुरका पडतो, बोट फिरवलं की खडूसारखं लागतं. तुम्ही प्युअर पॉलिएस्टर मागा. चकचकीत काळ्याला आरएएल ९००५ हा रंगाचा कोड सांगितला की गाळ्यावर कळतं. पूर्ण मॅट घेऊ नका, चेनचं तेल त्यात मुरल्यासारखं दिसतं आणि पुसलं जात नाही.

काही गाळे फ्रेमही टाकीत बुडवतात, सेव्हन टँक म्हणतात ती पद्धत. डिग्रीझ, ॲसिड, फॉस्फेट वगैरे. पत्र्याच्या कपाटाला ती बरोबर आहे. पण गाडीच्या फ्रेमचे पाइप आतून पोकळ, ॲसिड आत शिरलं तर पूर्ण निथळत नाही. भट्टीत किंवा नंतर वेल्डिंगच्या सुईएवढ्या छिद्रातून पिवळं पाणी बाहेर येतं. फ्रेम ब्लास्टिंग करूनच घ्या, आणि पाइपची उघडी तोंडं आधी बुजवा, नाहीतर आत गेलेली रेती पुढं वर्षभर पार्किंगमध्ये सांडत राहील.

पावसाळ्याबद्दल विचारलंत. ब्लास्टिंग झालेलं लोखंड अगदी नागडं असतं. जुलैच्या हवेत सकाळी राखाडी दिसणारी फ्रेम संध्याकाळी तांबूस झालेली मी बघितलीय. घामट हात लागला तर दुसऱ्या दिवशी पाचही बोटं उमटतात. म्हणून जिथं ब्लास्टिंग आणि कोटिंग एकाच आवारात आहे असा गाळा शोधा, सकाळी ब्लास्टिंग आणि त्याच दिवशी पहिला थर. "ब्लास्टिंग करून ठेवतो, पावडर सोमवारी मारू" असं कुणी म्हटलं तर फ्रेम उचलून परत या. आमच्याकडे पावसात फ्रेम आधी भट्टीत थोडी तापवून ओलावा घालवतो आणि बाहेर वापरायच्या वस्तूला खाली झिंकवाला इपॉक्सी प्रायमर मारतो. पैसे जास्त पडतात, दोन वेळा भट्टी लागते. मुंबईच्या हवेला मी तेच सांगेन.

अजून एक, गनवाल्याच्या बाजूनं. पावडर विजेच्या ओढीनं चिकटते. गन तिला भार देते, वस्तू हुकवरून अर्थला जोडलेली असते. जिथं दोन-तीन पाइप एकत्र येऊन खोल कोपरा होतो तिथं ही ओढ पोचत नाही, पावडर कडेलाच बसते आणि आतला कोपरा उपाशी राहतो. यासाठी गनचा व्होल्टेज कमी करून, जवळून, हळू मारावं लागतं. घाईतला माणूस ते करत नाही. फ्रेम ताब्यात घेताना मोबाइलचा टॉर्च मारून मानेच्या मागचा कोपरा आणि चिमटा बसतो तिथला आतला भाग बघा. राखाडी दिसलं तर तिथंच दाखवा, घरी नेल्यावर कुणी ऐकत नाही.

साधी मास्किंग टेप वापरू नका. जळते, आणि तिचा गोंद धातूवर डांबरासारखा बसतो. हिरवी पॉलिएस्टर टेप किंवा तपकिरी पॉलिइमाइड टेप घ्या. आट्यांना सिलिकॉनचे बूच मिळतात. नाही मिळाले तर जुने बोल्ट फिरवून द्या. लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरून आणू नका. गाडीवाले खड्डे दिसू नयेत म्हणून लांबी भरून आणतात, ती भट्टीत फुटते.

वेसाव्याचा_तांडेल

सगळे पावडरचे गोडवे गातायत म्हणून उलटं लिहितो. माझं घर खाडीपासून दोनशे पावलांवर. पल्सरचा चिमटा पावडर करून आणला, वर्षभर आरसा. मग चेन उडून एक टवका गेला, नखाएवढा. मी लक्ष दिलं नाही. खारं पाणी त्या टवक्यातून आत शिरलं आणि वरून काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर धुताना बोट लावलं तर हातभर कातडं पापडासारखं सुटून आलं. खाली सगळं लाल.

साधा रंग असता तर आधी फुगला असता, ठिपके दिसले असते, मी घासून परत मारला असता. पावडर वरून छान दिसते आणि आत कुजवते. शिवाय टवक्याला पावडर लावता येत नाही, रंगच लावावा लागतो. आता माझ्या चिमट्याला इपॉक्सी प्रायमर आणि वरून टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग आहे, दर दिवाळीला डबी घेऊन बसतो. गोरेगावात खारा वारा एवढा नसेल. पण करणारच असशील तर टवका दिसला त्याच दिवशी झाकायचा, हे बाबांनाही शिकव. आणि फ्रेमच्या नळ्या आतून मोकळ्याच राहतात, पावडर आत जात नाही. पातळ तेल किंवा मेणाचा स्प्रे आतून मारून ठेव.

फिटरकाका_परळ

तांडेल बरोबर बोलला. ग्रीसचं वसईकरांचंही बरोबर. माझ्या वाट्यांमागून ओघळ आला नव्हता, तो निव्वळ योगायोग समजायचा. अभि, अजून एक राहिलं: ब्लास्टिंग झालं की कोटिंगच्या आधी पाच मिनिटं तरी स्वतः फ्रेम हातमोजे घालून बघ. रंगाखाली तडा लपलेला असतो. स्टँडच्या पट्टीपाशी खास बघ. नंतर वेल्डिंग करायचं म्हटलं तर केलेली पावडर जाळावी लागेल.

गोरेगावचा_अभि

पाच आठवडे झाले. झालं ते लिहितो.

चिमट्याचा बोल्ट अडीच दिवस हलला नाही. तेल, मग हेअर ड्रायर (आईचा, तिला अजून माहीत नाही), परत तेल. तिसऱ्या दिवशी "टक" असा आवाज आला आणि मी पार्किंगमध्ये एकटाच ओरडलो. छर्रे चादरीवर पडले, तरी एक सापडला नाही. नाहीतरी कोन सेट नवाच घेतला, नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगं आणायला गेलो तेव्हाच मिळाला. बुश नाक्याच्या गॅरेजवाल्यानं प्रेसवर काढून दिले. पैसे घेतले नाहीत, पण "बघू किती दिवस टिकतं" असं म्हणाला.

फ्रेम वसईला लोकलनं नेली. दुपारी, लगेजच्या डब्यातून, लगेजचं तिकीट काढून. शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींनी निरखून बघितलं आणि विचारलं, "सायकलची चाकं कुठं रे?" स्प्लेंडर आहे म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही.

काका, तडा निघाला. डबल स्टँडच्या पट्टीला, डाव्या बाजूला, इंचभर. बाबांच्या ग्रिलच्या रंगानं तो इतका छान झाकला होता की रंग असेपर्यंत कधीच दिसला नसता. गाळ्याच्या शेजारीच वेल्डिंगवाला होता, त्यानं भरून दिला, आणि त्याच दुपारी प्रायमरचा थर बसला. दिवसभर पाऊस होता, मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो. त्यांना वाटलं माझा विश्वास नाही. नव्हताच.

नंबर स्वच्छ वाचता येतो, आधीचा आणि नंतरचा पेन्सिलचा कागद एकाच पाकिटात ठेवलाय. पुढचं पासिंग २०२८ला. आट्यांमध्ये टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवावा लागला, दोन बूच निसटले होते. एम६ आणि एम८ दोन्ही टॅप शेजारच्या इमारतीतल्या फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून आणले.

अर्थच्या जागा झाकल्या होत्या. तरीही जोडल्यावर हॉर्न मेला होता आणि इंडिकेटर एकदाच पेटून अडकायचे. एका जागी टेपची कड उचलली गेली होती आणि खाली पावडर शिरली होती. खरवडली. काका, तुमचे दोन दिवस मला वीस मिनिटांत पडले.

आता चूक. चेन कव्हर देऊ नको असं तुम्ही लिहिलं होतं आणि मी दिलं. सगळं काळं चकचकीत आणि हे एकटंच हातानं रंगवलेलं दिसेल म्हणून. आलं तेव्हा खालचा अर्धा भाग लाटांसारखा झालेला. बसतं, पण गाडी चालवली की चेन आतून घासते, चर्र-चर्र. बाबा परवा मागे बसले होते, उतरल्यावर म्हणाले, "आधी असा आवाज नव्हता."

हे सरळ होईल की नवं घेऊ?

फिटरकाका_परळ

नवं घे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलास तर नवं किंवा उतरवलेलं, कुठलंतरी मिळेल. ठोकून सरळ करायला गेलास तर पावडर तडकेल, आणि एकदा ताणलेला पत्रा पूर्वीसारखा बसत नाही.

बसवताना आधी चेन कव्हरशिवाय चाक हातानं फिरव आणि चेनचा ताण नीट आहे का ते बघ. नव्या थरामुळं चिमट्यात एक्सल पहिल्यासारखा बसला नसेल तर चाक केसभर तिरकं असू शकतं, मग आवाज कव्हरचा नसून चेनचाच असायचा. इंजिनाचे आणि चिमट्याचे बोल्ट शंभर-दीडशे किलोमीटरनंतर परत एकदा पान्यानं बघ. बोल्टाखालची पावडर दबते आणि पकड ढिली होते.

आणि आईला हेअर ड्रायरचं सांगून टाक.

गोरेगावचा_अभि

एक्सलच निघाला, काका. उजव्या बाजूला पावडरची कड राहिली होती, चाक तिरकं बसत होतं. कानस मारून साफ केली, निम्मा आवाज गेला. उरलेल्या निम्म्यासाठी रविवारी कुर्ला. बांबू आज सकाळी आले, गाडी सध्या वॉचमनच्या केबिनमागे उभी आहे, ताडपत्रीखाली.